दातांचा खुलासा

तुमच्यापैकी जी साबण करते, तिने मागच्या आठवड्यात फोनवर तक्रार केली. माल चांगला आहे, पण त्याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही, आणि लिहवून आणणारी माणसं ठेवायची तर ती साबणापेक्षा महाग पडतात. मी "हो का" म्हणून फोन ठेवला, कारण गॅसवर दूध होतं. आता सावकाश लिहिते. आपल्या घरी एके काळी दंतमंजन बनत असे आणि ते पेपरात आलं होतं. कसं आलं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही, कारण त्यात एका मोठ्या माणसाचे दात गुंतले होते. तो माणूस आता नाही, त्याचे विरोधकही नाहीत. तेव्हा सांगायला हरकत नाही.

मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि नागपूरहून लग्न करून बालाघाटला आले, तेव्हा राज्यांची नवी मांडणी नुकतीच झाली होती. माझं माहेर एका राज्यात गेलं आणि सासर दुसऱ्या. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, आणि आमचा जिल्हा मधल्या मध्ये राहिला. नागपूरच्या मराठी पेपरांना वाटे, हे लोक आता परप्रांतात गेले. जबलपूरच्या हिंदी पेपरांना वाटे, हे तर मराठीच आहेत. दोन्हीकडे आमची बातमी छापून यायची ती आमच्याकडे कुणी बुडालं, चोरी झाली किंवा मंत्री आला तर. मंत्री क्वचितच येत. बुडणारे वैनगंगेत नेमाने बुडत.

आता मंजन. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, जिला मी ताई म्हणत असे, तिचं सासर किरनापूरकडच्या एका गावात होतं. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. ती एक ट्रंक घेऊन चार दिवस माहेरी म्हणून आली आणि राहिली. तिकडे तिचा धाकटा दीर होता, त्याची बायको, त्यांची बरीचशी मुलं आणि त्याहून जास्त गुरं. त्या सगळ्यांना ताईची फार आठवण येई, विशेषतः धानाच्या रोवणीच्या दिवसांत. एकदा दीर येऊन सांगून गेला, "दिवाळी झाली का वहिनीले घेऊन जातो." आणि तुमचे आजोबा म्हणाले, "हौ."

तुमच्या आजोबांचा स्वभाव असा की समोरचा जे म्हणेल त्याला ते हौ म्हणत. कलेक्टर कचेरीत याच गुणावर त्यांना बढती मिळाली होती. घरात मात्र या हौने पंचाईत होई.

ताई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "मी तिकडं गेली का चिखलातच मरीन, वहिनी. रोवणी झाली का निंदण, निंदण झालं का कापणी. अन् वरून ऐकाचं, का आम्ही तुले सांभाळून राह्यलो."

"मग तुमच्या भावाला सांगा की तुम्ही जाणार नाही."

"भाऊ काय म्हणून नाही म्हणन? लोक विचारतीन, बहीण माहेरी बसून काय करते. माझ्या हाताले काही धंदा असला, चार लोकाईले मालूम असला, तं त्याच्या तोंडातून नाही निघन. नाही तं त्याच्या तोंडातून हौच निघते."

हे तिचं म्हणणं अगदी खरं होतं. म्हणून आम्ही धंदा शोधला. आमच्या घरामागे भाताची गिरणी होती आणि तिच्या मागे धानाच्या भुशाचा डोंगर. तो भुसा कुणी नेला तर गिरणीवाला उलट उपकार माने. ताईला तिच्या आजीचं मंजन येत होतं. भुसा धुमसवत जाळायचा, पांढरी राख होऊ द्यायची नाही, काळा असतानाच झाकायचा. मग खलायचा, मलमलच्या कापडातून दोनदा गाळायचा, त्यात तुरटी, मीठ, लवंग आणि कापूर. मंजन फार चांगलं होतं. दिसायला मात्र भयंकर. घासताना माणूस कोळसा खाऊन आल्यासारखा दिसे आणि चूळ भरली की दात तांदळासारखे निघत. मी त्याला एक सुंदर इंग्रजी नाव सुचवलं. ताई म्हणाली, "काळं मंजन म्हणतीन लोक, तं काळं मंजनच लिही." आजोबा सरकारी नोकर, त्यांच्या नावाने धंदा करता येत नव्हता. म्हणून डबीवरच्या चिठ्ठीवर ताईचं नाव पडलं, आडनावासकट. त्या आडनावाचं पुढे रामायण होणार हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मंजन खपेना. आमच्याकडे अर्धं गाव सकाळी गुडाखू घाशी. तंबाखू आणि गुळाचा तो चिकट लेप हिरड्यांना लावला की डोकं हलकं होतं आणि माणूस उगाच पायरीवर बसून राहतो. त्याच्यापुढे आमच्या लवंगेचं काय चालणार? दुकानदार डबी हातात घेऊन विचारत, "पेपरात आलंय का कुठं?" बालाघाटात तेव्हा पेपरात आलेली गोष्ट खरी आणि न आलेली संशयास्पद असे. शेजारी मेला तरी लोक पेपर येईपर्यंत थांबत.

तेव्हा पेपरात आणायचं ठरवलं. मी इंग्रजी शिकलेली, त्यामुळे मला वाटत असे की गोष्ट मुद्देसूद मांडली की जग ऐकतं. मी निवेदन तयार केलं. प्रस्तावना, उत्पादनाचे गुण, महिलांचा उद्योग, स्वदेशी भावना, समारोप. परिच्छेदांना क्रमांक. एक प्रत मराठीत नागपूरला, एक हिंदीत जबलपूरला, आणि एक उगाच इंग्रजीत माझ्या समाधानासाठी. कुठूनही काही आलं नाही. मी आठवण देणारं दुसरं निवेदन पाठवलं. त्यालाही नाही.

मग मी वार्ताहराकडे गेले. बसस्टँडजवळ त्याचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. पेपरांची एजन्सी त्याचीच, जिल्ह्याच्या बातम्या पाठवणाराही तोच. दुपारी डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडी, संध्याकाळी तेच भिंग काढून बातम्या लिही आणि पाकीट बसच्या कंडक्टरच्या हाती देई. घरी मराठी, दुकानात हिंदी, आणि बातमीचं बोलताना दोन्ही. माझं निवेदन त्याने भिंगातूनच वाचलं.

"भाभीजी, लिहिलंय उत्तम. पण यात झालं काय?"

"म्हणजे?"

"बातमी म्हणजे जे झालं ते. कोई मरा, कोई गिरा, कोई आया. तुमच्या मंजनाचं काय झालं? कुछ हुआ ही नहीं."

"ते बाजारात आलं."

"बाजारात तर वांगीही येतात."

मी म्हटलं, निदान संपादकांना नमुना तरी पाठवा, ते वापरून बघतील. त्याने डबी पाकिटात घातली. कंडक्टरने पाकीट सीटखाली टाकलं, त्यावर कुणाची तरी धान्याची गोणी आली आणि डबी फुटली. नागपूरला पोचेपर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या बातम्या काळ्या झाल्या होत्या. वारासिवनीच्या एका शेठजींच्या षष्ट्यब्दीचं वृत्त अर्धंच वाचता आलं आणि तेवढंच छापलं गेलं. त्यात शेठजी साठ वर्षांचे झाल्याचं आलं, पण त्याबद्दल त्यांचा सत्कार झाल्याचं राहून गेलं. वार्ताहर मला म्हणाला, "भाभीजी, अब आप कुछ मत भेजिए. कुणाला तरी बोलवा. उद्घाटन करा. पुढारी आला की बातमी झाली."

पुढारी होतेच. निवडणूक जवळ आली होती आणि ते फीत दिसली की कापत होते. धिप्पाड, पांढरे कपडे, आणि दात खरोखर देखणे. सभेत हसले की मागच्या रांगेपर्यंत दिसत. त्यांना बोलावणं गेलं आणि ते आले. वार्ताहराने गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याला आणलं. मी सगळी तयारी यादीप्रमाणे केली होती. हार, नारळ, सतरंजी, बायकांसाठी वेगळी बैठक, टेबलावर मंजनाच्या डब्यांचा मनोरा, शेजारी पाण्याचा तांब्या आणि चूळ टाकायला पितळी घंगाळ. साहेब बोटावर मंजन घेतील, दात घासतील, चूळ भरतील, पांढरं हसतील आणि फोटो निघेल, असा क्रम मी ठरवला होता.

साहेबांनी घासलं. अगदी मनापासून, मागच्या दाढांपर्यंत. मी तांब्या पुढे केला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की साहेब मंचावर उभे आहेत, समोर गावातल्या साठसत्तर बायका डोक्यावर पदर घेऊन बसल्या आहेत, शेजारी पांढऱ्या टोप्या आहेत, आणि अशा सभेत भावी आमदार घंगाळात पचकन थुंकू शकत नाही. त्यांनी घंगाळाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि गिळलं. मग पाणी प्यायले, तेही गिळलं. कापूर घशात गेला असावा, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते भाषणात मातृभूमीबद्दल बोलले तेव्हा फार परिणाम झाला. शेवटी स्टुडिओवाला म्हणाला, "साहब, मुस्कुराइए." साहेब हसले.

दोन दिवसांनी नागपूरचा पेपर दुपारच्या बसने आला. जिल्ह्याच्या पानावर बातमी होती. साहेबांचं भाषण होतं, देशाच्या प्रगतीबद्दलची त्यांची चिंता होती, हार घालणाऱ्यांची नावं होती. मंजनाबद्दल "एका घरगुती उद्योगाचे उद्घाटन" एवढंच. कसला उद्योग, कुणाचा, कुठे, एक अक्षर नाही. वर फोटो मात्र ठळक. साहेब तोंडभर हसत होते आणि त्या हास्यात एकही दात नव्हता. गालापासून गालापर्यंत काळं भोक.

ताईने फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "याईचं तं बोळकं झालं."

गावाचंही तेच मत पडलं. विरोधी पक्षाने लगेच उचललं. चहाच्या टपऱ्यांवर चर्चा होती की साहेबांचे दात कुणी पाडले. कुणी म्हणे लालबर्र्याच्या सभेत मारामारी झाली, कुणी म्हणे घरातच झाली. किरनापूरकडे तर असं पोचलं की साहेब सभेत जे दात दाखवत होते ते सुरुवातीपासूनच नकली होते. ज्याचे दात त्याचे नाहीत, त्याची वचनं त्याची कशावरून, असं विरोधकांच्या लाउडस्पीकरवरून ऐकू येऊ लागलं.

वार्ताहर आमच्याकडे आला. त्याच्याबरोबर साहेबांचा एक कार्यकर्ता. घाम पुसत होता.

"भाभीजी, साहेब म्हणतात उद्याच्या उद्या खुलासा गेला पाहिजे. नागपूर और जबलपूर, दोनों में. मी लिहायला बसलो, पण माझ्याने जमेना. 'साहेबांना दात आहेत' असं लिहिलं की लोक म्हणतात, मग शंका का आली?"

आजोबा म्हणाले, "हौ, तेही खरं आहे."

मी म्हटलं, मी लिहिते. आणि बसून लिहिलं. त्यातली भाषा मला अजून पाठ आहे. "गेल्या अंकातील छायाचित्रावरून माननीय साहेबांना दात नसल्याचा जो समज पसरला आहे तो निराधार आहे. त्यांचे सर्व दात स्वतःचे व शाबूत आहेत. सदर प्रसंगी त्यांनी काळे मंजन या दंतमंजनाने दात घासले होते. हे मंजन धानाच्या भुशाची काळी राख, तुरटी, मीठ, लवंग व कापूर यांपासून बनत असून घासताना दात काळे दिसतात व चूळ भरताच स्वच्छ पांढरे होतात. सभेच्या मर्यादेमुळे साहेबांना चूळ भरता आली नाही." त्याखाली ताईचं पूर्ण नाव, गिरणीमागचा पत्ता, आणि डब्या कुठल्या दुकानांत मिळतात ते.

वार्ताहराने भिंग लावलं. "भाभीजी, ये तो इश्तिहार है. सरळ जाहिरात."

"खुलासा आहे. यातलं कुठलंही वाक्य काढून बघा. साहेबांचे दात तिथून गेलेच म्हणून समजा."

त्याने पहिलं वाक्य बोटाखाली झाकलं, मग तिसरं, मग चौथं. कार्यकर्ताही वाकून बघत होता. "अन् दुकानाईचे नावं?" त्याने विचारलं.

"लोकांना खात्री करून घ्यायची असेल तर मंजन कुठून आणतील?"

"हौ," आजोबा म्हणाले, आणि या वेळी त्यांचा हौ कामाला आला.

खुलासा दोन्ही पेपरांत चौकट घालून छापून आला. एक शब्द न कापता. बातमी कापतात, खुलासा कापत नाहीत, हे मला त्या दिवशी समजलं. इतकंच नाही, बातमी लोक वरवर वाचतात आणि खुलासा दोनदा वाचतात, कारण कुठे काहीतरी भानगड आहे याची त्यांना खात्री असते. साहेबांच्या माणसांनी सभांमधून डब्या वाटल्या. लोक स्वतः घासून बघू लागले, एकमेकांना काळे दात दाखवू लागले. वारासिवनीचा एक व्यापारी स्वतः येऊन "साहेबवालं मंजन" मागून गेला. आमच्या अंगणात भुसा धुमसत राहिला आणि शेजारीण धुराबद्दल भांडायला आली तीही दोन डब्या घेऊन गेली. साहेब निवडून आले. ते दातांमुळे आले असं आम्ही कधी म्हटलं नाही, पण नाकारलंही नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण खुलासा किरनापूरकडेही पोचला होता.

दिवाळीला अजून अवकाश होता आणि ताईचा दीर आला. नवं धोतर, हातात घडी घातलेला पेपर. ओसरीवर बसला, आजोबांपुढे पेपर पसरला आणि चौकटीतल्या ताईच्या आडनावावर बोट ठेवलं.

"आमचं नाव पेपरात आलं, भाऊ. बाजारात लोक मले थांबवून थांबवून विचारतेत. का बा, तुमच्या घरचं मंजन का?"

"हौ," आजोबा म्हणाले.

"तं आमच्या घरचंच आहे. आडनाव आमचं, बाई आमची. अन् भुश्याचं म्हणान तं आमच्या गावात ढीग लागला आहे. मी म्हणतो, दिवाळीची काहून वाट पाहाची? वहिनीले आजच घेऊन जातो. खलबत्ता गाडीत टाकतो, मंजन तिकडंच बनवू. रोवणी झाली का तिले टाइमच टाइम असते."

मी दारात उभी होते. ज्या नावासाठी एवढा खटाटोप केला, त्या नावानेच ताईला न्यायला माणूस आला होता. पूर्वी त्याला तिची गरज वर्षातून एका हंगामात पडे, आता बारा महिने पडणार होती. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दिराकडे, आणि मला त्यांच्या ओठांवर तो हौ तयार होताना दिसला.

ताई आत खलत होती. खलबत्त्याचा आवाज थांबला. ती पदराला हात पुसत बाहेर आली. हात कोपरापर्यंत काळे. दिराने चहा घेतला की नाही ते तिने विचारलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"वहिनी, तो खुलासा पुन्हा छापून येते का?"

"कशाचा?"

"का मी किरनापूरले चालली ही बातमी निराधार आहे म्हून."

दीर हसला. "अशी बातमी कुठं आली?"

"नाही आली. पण तुम्ही आत्ताच सांगून राह्यले नं, भाऊजी. बाजारातही सांगितलं असन. लोकाईचा गैरसमज होईन."

"त्यात खुलासा काहून पाह्यजे? घरची गोष्ट आहे."

"साहेबाईचे दातही घरचेच होते," ताई म्हणाली. "वहिनी चांगलं लिहिते. तुमचं नाव टाकन, गावाचं नाव टाकन. सदर बाई रोवणीत तिकडं काय काय करत होती तेही टाकन. कोणतंच वाक्य काढता येत नाही त्यातलं. मले वार्ताहर सांगत होता."

दिराने पेपराची घडी घातली. ती पुन्हा उघडली, आणि चौकटीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांपुढे ती चौकट आली असावी, आणि ती वाचणारा त्याचा सगळा बाजार. साहेबांच्या दातांचं काय झालं होतं ते त्याने स्वतः टपरीवर ऐकलं होतं, बहुधा दुसऱ्यांना सांगितलंही होतं. खुलासा आला म्हणजे लोक आधी विचारतात, काय झालतं.

मग तुमच्या आजोबांनी घसा खाकरला. मी त्यांच्याबरोबर संसार केला तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून जे मोजके "नाही" ऐकले, त्यातला पहिला हा.

"नाही, भाऊजी," ते म्हणाले. "ताईचं इथं दुकानदाराईशी बोलणं झालं आहे. तिले नाही येता येणार." आणि मग, फार झालं असं वाटून, "चहा घ्या आणखी."

दिराने चहा घेतला. गावाकडं मंजन तुम्हीच विका, असं ताईने त्याला सुचवलं, तेव्हा तो थोडा खुलला. उठताना त्याला डब्यांची एक पिशवी भरून दिली. तो पायरीपर्यंत गेला आणि मला वेगळं गाठून हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही पेपरात काही देऊन राह्यल्या नाही नं?"

"नाही," मी म्हटलं. "आता काय गरज?"

तो गेला. मी आत येऊन ताईला सांगितलं की मी त्याला तसा शब्द दिला आहे. तिने खलबत्ता पुढ्यात ओढला आणि दोनचार घाव घातले.

"देऊन टाकाचा होता," ती म्हणाली. "एक जाहिरात फुकट गेली."